बँकेच्या नावाने फोन यायच्या आधी घरात काय करून ठेवायचं, फोन आल्यावर काय, आणि पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय

सावध राहा, ओटीपी देऊ नका हे आता सगळ्यांना पाठ झालंय. बँकेत बोर्ड आहे, पेपरात येतं, मध्यंतरी फोन लावला की तेच ऐकू यायचं. तरी सांगली-मिरजेत, तासगाव-पलूसकडे कुणाचं ना कुणाचं खातं रिकामं झाल्याचं कानावर येतंच. माणसं बेसावध असतात असं मला वाटत नाही. क्रम चुकतो. फोन आला की समोरचा खरा का खोटा हे ओळखायला बसतात, त्याला प्रश्न विचारतात, तो पटापट उत्तरं देतो आणि तिथेच अडकतात. पैसे गेले की आधी शाखेत जातात, शाखा बंद असेल तर सकाळ व्हायची वाट बघतात, मग चौकी, आणि मग कुणीतरी सांगतं की अहो १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावा. तोपर्यंत ती रक्कम दोन-चार खात्यांतून फिरून कुठल्यातरी एटीएममधून निघालेली असते.

म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे निवांत दुपारी बसून करायचे आहेत, शक्यतो ऊसबिल किंवा बेदाण्याची पट्टी खात्यावर जमा व्हायच्या आधी, कारण खात्यात मोठी रक्कम असते तेव्हाच खरं नुकसान होतं.

## बसण्याआधी काय जवळ घ्यायचं

पासबुक, एटीएम कार्ड, बँकेत नोंदवलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन, आधारला जोडलेला नंबर वेगळा असेल तर तो पण फोन, एक साधी वही आणि पेन.

ज्याचं खातं आहे ते माणूस शेजारी पाहिजे. आबांचा फोन आतल्या खोलीत नेऊन नातवाने सगळं सेट करायचं आणि आबांना काहीच माहीत नाही, याचा उपयोग शून्य. फोन त्यांच्याच हातात द्या, बटण त्यांनाच दाबू द्या, वेळ लागला तर लागू दे.

## टप्पा १ : नंबर कागदावर लिहा

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणे ही नेहमी होणारी चूक. भामटे खोटे नंबर बँकेच्या नावाने नेटवर टाकून ठेवतात, नकाशावर शाखेच्या नावाखाली पण टाकतात. म्हणजे गंमत बघा, लोक स्वतःहून चोराला फोन लावतात आणि मग "मीच लावला होता की फोन" म्हणून पूर्ण विश्वास ठेवतात.

नंबर घ्यायचा तो एटीएम कार्डच्या मागून, पासबुकवरून किंवा शाखेत जाऊन. वहीत हे लिहा:

१. बँकेचा हेल्पलाइन नंबर, आणि कार्ड ब्लॉक करायचा नंबर वेगळा असेल तर तो.
२. शाखेचा फोन.
३. १९३०, मोठ्या अक्षरात. सायबर फसवणुकीत पैसे गेले तर लावायचा हा देशभरचा नंबर आहे.
४. कुठल्या खात्याला कुठला मोबाइल नंबर जोडलाय.
५. खाते क्रमांकाचे आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे.

पिन, पासवर्ड, कार्डामागचे तीन आकडे वहीत लिहायचे नाहीत. वही फ्रीजवर किंवा देवघराजवळ, जिथे घरातल्या सगळ्यांना सापडेल तिथे. मोबाइलमध्ये नंबर सेव्ह करून भागत नाही, कारण गरज पडेल त्यावेळी तोच मोबाइल बंद करायची वेळ आलेली असते.

पतसंस्थेत पैसे असतील तर तिथे स्वतः जाऊन विचारा की रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेचे जे नियम मी पुढे सांगणार आहे ते त्यांना लागू नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तपासा: वहीतला बँकेचा नंबर एकदा खरंच लावून बघा. मेनूत "कार्ड ब्लॉक" कितव्या नंबरवर आहे ते ऐका आणि तेही बाजूला लिहून ठेवा. घाबरलेला माणूस मेनू ऐकत बसत नाही.

## टप्पा २ : फोन साफ करा

या टप्प्यावर जरा थांबून वाचा, कारण सध्या मोठा फटका इथून बसतो.

लग्नसराईत ग्रुपवर एक फाइल येते. नाव असतं "लग्न पत्रिका" नाहीतर "शुभविवाह आमंत्रण", पाठवणारा ओळखीचा असतो, कधी मामाचा मुलगा, कधी गावातला सरपंच. माणूस उघडतो. पण ही फाइल नीट बघितली तर नावाच्या शेवटी डॉट एपीके असतं. पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. एपीके म्हणजे अ‍ॅप. ती दाबली की फोन विचारतो, हे अ‍ॅप अनोळखी ठिकाणाहून आलंय, परवानगी द्यायची का, आणि पत्रिका बघायच्या नादात लोक "हो, हो, हो" दाबत जातात. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, ती मिळाली की येणारा प्रत्येक ओटीपी तुम्ही कुणालाही न सांगता पलीकडे पोचतो. आणि मामाच्या मुलाने ती पाठवलेलीच नसते, त्याचा फोन आधीच ताब्यात गेलेला असतो, तिथून आपोआप सगळ्या ग्रुपला गेलेली असते. याच पद्धतीने पीएम किसानची यादी, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी, गॅसची सबसिडी अशा नावांनी फाइली फिरतात.

अँड्रॉइड फोनमध्ये या क्रमाने जा:

१. सेटिंग्ज उघडून वरच्या सर्चमध्ये "अननोन" टाइप करा, फोन मराठीत असेल तर "अज्ञात". "इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स" असं पान येईल. तिथे व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स, टेलिग्राम, जे काही दिसेल त्या सगळ्यांपुढे "नाही" पाहिजे.

२. प्ले स्टोअर उघडा, वर उजवीकडे स्वतःचा फोटो दाबा, प्ले प्रोटेक्टमध्ये जाऊन स्कॅन करा. बंद असेल तर चालू करा. कुणी फोनवर "जरा ते प्ले प्रोटेक्ट बंद करा" म्हणालं तर तो चोर आहे, पुढे ऐकायची गरजच नाही.

३. सेटिंग्जमध्ये सगळ्या अ‍ॅप्सची यादी बघा. स्क्रीनवर चिन्ह दिसत नाही पण यादीत असतं, असं अ‍ॅप असू शकतं. ओळखीचं नसलेलं काढा. निघत नसेल तर आधी सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस अ‍ॅडमिन" शोधून तिथे त्याची टिक काढा, मग निघतं.

४. परमिशन मॅनेजरमध्ये एसएमएस उघडा. मेसेजचं अ‍ॅप, फोनचं स्वतःचं, बँकेचं आणि यूपीआयचं अ‍ॅप एवढी ठीक. टॉर्चच्या किंवा गेमच्या अ‍ॅपला एसएमएस वाचायचं काय कारण? काढा. तसंच "अ‍ॅक्सेसिबिलिटी" मध्ये जाऊन बघा, तिथे अनोळखी काही चालू असेल तर ते स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं.

५. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट अशी दुसऱ्याला आपली स्क्रीन दाखवणारी अ‍ॅप्स कामाशिवाय फोनमध्ये ठेवू नका.

६. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डॉक्युमेंट आपोआप डाउनलोड होणं बंद करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, आणि लिंक्ड डिव्हाइसेस मध्ये आपलं नसलेलं काही दिसलं तर लगेच लॉगआउट करा.

आयफोनवर एपीके चालत नाही, पण म्हणून आयफोनवाले सुटले असं समजू नका. खोट्या लिंका आणि फोन कॉल त्यांनाही तितकेच लागू.

सावधान: अनोळखी अ‍ॅप सापडलं आणि खात्यातून पैसे पण गेलेले दिसले तर ते अ‍ॅप आत्ता काढू नका, फोन रीसेट करू नका. सरळ टप्पा ६ वर जा. तो पुरावा आहे.

## टप्पा ३ : सिम आणि नंबर

बँकेत नोंदवलेला नंबर आज कुणाकडे आहे? प्रश्न साधा वाटतो पण विचारून बघा. खातं काढलं तेव्हा थोरल्याचा नंबर दिला होता, तो आता पुण्यात, त्याने नंबर बदलला. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते, मग तुमच्या खात्याचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी माणसाला जाणार. वहीत लिहिलेले नंबर बघा, चालू नसेल तर शाखेत अर्ज देऊन बदला, हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

आता कॉल फॉरवर्डिंग. डायल पॅडवर *#२१# दाबून कॉल करा, तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं. सगळं वळवणं एका झटक्यात बंद करायचं असेल तर ##००२# दाबा. हे कशासाठी, तर कुरिअरवाला म्हणून फोन येतो, "ताई, पत्ता सापडत नाहीय, एवढा कोड दाबा डिलिव्हरी बॉयशी बोलणं होईल," आणि तो कोड स्टार २१ ने सुरू होऊन पुढे दहा आकडी नंबर असतो. दाबला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळले, मग फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी पण त्यालाच ऐकू जाणार.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. तुम्ही न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच "माझा नंबर नाही" म्हणून कळवा.

तपासा: फोनची रेंज अचानक गेली, शेजारच्याला त्याच कंपनीची रेंज आहे, आणि फोन बंद-चालू करूनही येत नाही, तर "टॉवरचं काहीतरी असेल" म्हणून बसून राहू नका. तुमच्या नावाचं दुसरं सिम कुणी काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगा, मग सिम कंपनीला.

## टप्पा ४ : खात्यातून एका दिवशी किती जाऊ शकतं ते कमी करा

सगळी काळजी घेऊनही एखाद्या दिवशी चूक होणार, घाईत असतो, बरं नसतं. त्या दिवशी किती जाईल हे आज ठरवता येतं.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा शाखेत सांगून कार्डाचा परदेशातला वापर बंद करा, ऑनलाइन वापर लागत नसेल तर तो पण. ही सोय कार्डाबरोबर द्यायची असं रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच सांगितलंय. एटीएमची आणि यूपीआयची रोजची मर्यादा गरजेपुरती ठेवा. दुकानदार नसाल तर रोज लाख रुपयांची मर्यादा कशाला पाहिजे?

माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला हा: खाती दोन ठेवा. ऊसबिल, पेन्शन, बेदाण्याचे पैसे जमा होतात त्या खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसऱ्या छोट्या खात्यात महिन्याच्या खर्चाचे पैसे ठेवा आणि यूपीआय त्यालाच. थोडा त्रास होतो, पैसे संपले की इकडून तिकडे टाकावे लागतात, पण गेलेच तर त्यातलेच जातील.

ऑनलाइन एफडी मोडायची सोय बंद करता येते का हे शाखेत विचारा. नेट बँकिंग हाताला लागलं की भामटे बचत खात्यावर थांबत नाहीत, एफडी मोडतात, अ‍ॅपवर तयार असलेलं कर्ज पण उचलतात, आणि ते कर्ज मग तुमच्या नावावर.

आधार आणि अंगठा लावून पैसे काढता येतात, त्यात ओटीपी लागत नाही. म्हणून आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अ‍ॅपमधून किंवा साइटवरून बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा वगैरे, लॉक करा. मात्र लॉक केल्यावर रेशन दुकानात अंगठा चालत नाही, हयातीच्या दाखल्याला पण अडतं. तेवढ्यापुरतं उघडता येतं, नंतर परत लॉक झालंय का बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हे सांगून ठेवा, नाहीतर रेशनच्या रांगेत उभं राहून हेलपाटा पडतो.

तपासा: शंभर रुपये इकडून तिकडे पाठवा. दोन्ही खात्यांचा मेसेज आला का? न आल्यास शाखेत जाऊन एसएमएस चालू करून घ्या. मेसेजच येत नसेल तर पैसे गेलेले कळणार ते थेट पासबुक भरल्यावर.

## टप्पा ५ : फोन किंवा मेसेज आला की

इथे एकच क्रम: फोन ठेवा, वही घ्या, वहीतल्या नंबरवर स्वतः फोन करा.

समोरच्याची परीक्षा घेऊ नका. त्याला तुमचं नाव, जन्मतारीख, शाखा, कार्डाचे शेवटचे चार आकडे माहीत असतात, ही माहिती बाहेर विकली जाते, त्यामुळे तेवढ्याने तो बँकेचा ठरत नाही. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं, लोगो दिसला तरी काही सिद्ध होत नाही, ते नाव कुणीही लावू शकतं. बँकांचे कामाचे कॉल १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून आणि जाहिरातीचे १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यावेत अशी व्यवस्था आणलीय, म्हणजे साध्या दहा आकडी मोबाइलवरून "मी बँकेतून बोलतोय" आलं तर शंका घ्यायचीच. पण १६०० दिसलं म्हणून ओटीपी सांगायचा असा उलटा अर्थ काढू नका.

फोन ठेवायला संकोच वाटतो, विशेषतः मोठ्या माणसांना, समोरचा साहेब म्हणून बोलतोय आणि आपण मधेच कसा ठेवायचा. म्हणून घरात एक वाक्य ठरवून ठेवा: "साहेब, आमच्यात पोराला विचारल्याशिवाय बँकेचं काही करत नाय, मीच करतो फोन." एवढं बोलायचं आणि ठेवायचा. दोन-तीन वेळा घरात मोठ्याने म्हणून बघा, खरंच. तोंडात बसलेलं वाक्य घाईत बाहेर येतं.

आपल्याकडे जास्त चालणारे प्रकार, आणि प्रत्येकात नेमकं कुठे अडकायला होतं:

"काका, चुकून तुम्हाला पैसे आले." दुकानात गर्दी असताना हा फोन येतो. "काका, दवाखान्यात हाय ओ, आईला पाठवायचे पाच हजार तुमच्या नंबरवर गेले, बघा मेसेज आलाय." मेसेज खरंच आलेला असतो, पण तो बँकेकडून आलेला नसतो, त्यानेच साध्या मोबाइल नंबरवरून टाइप करून पाठवलेला असतो. मेसेज बघू नका, अ‍ॅप उघडून शिल्लक बघा. पैसे आलेलेच नसतील तर विषय संपला. आणि खरंच आले असतील तरी तो सांगेल त्या नंबरवर परत पाठवू नका. ते दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे असू शकतात, मग पोलीस तपासात तुमचंच खातं गोठतं. बँकेला लेखी कळवा, परत करायचं काम त्यांच्यामार्फत होऊ द्या.

"पैसे घ्यायला पिन टाका." यूपीआय पिन पैसे जाताना लागतो, किंवा शिल्लक बघताना. पैसे येताना पिन नाही, क्यूआर स्कॅन करणं नाही, काहीच नाही.

लाडकी बहीण, पीएम किसान, चलन. लिंक पाठवून "ई-केवायसी करा नाहीतर हप्ता बंद." पत्ता बघायचा तो शेवटून. सरकारी साइटचा पत्ता डॉट गव्ह डॉट इन किंवा डॉट एनआयसी डॉट इन असा संपतो. मधे कुठेतरी "गव्ह" आहे आणि शेवट डॉट कॉम नाहीतर भलताच, म्हणजे खोटी. बँकांनाही आता रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन असा पत्ता घ्यायला लावलाय, तो ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बदलायचा होता. तरी लिंकवर दाबून जाण्यापेक्षा पत्ता स्वतः टाइप करा.

पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला. नोव्हेंबर आला की हे फोन सुरू होतात. समोरच्याकडे पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाचा नंबर), निवृत्तीची तारीख सगळं असतं. "दाखला ऑनलाइन करतो, फक्त ओटीपी सांगा." फोनवर दाखला कुणी करून देत नाही. बँकेत जा, किंवा सरकारच्या जीवन प्रमाण अ‍ॅपवर घरी चेहरा दाखवून करा, पण स्वतः सुरू करून. माजी सैनिकांच्या घरांतून हे आवर्जून सांगा, त्यांना "कार्यालयातून बोलतोय" म्हटलं की लगेच आदराने उत्तर द्यायची सवय असते.

रात्री साडेनऊला वीज तोडणार. मेसेजमध्ये कुणाचातरी खाजगी मोबाइल नंबर असतो. बिल भरलंय का ते महावितरणच्या अ‍ॅपमध्ये बघा, त्या नंबरला फोनच करू नका.

डिजिटल अरेस्ट. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली, "तुमच्या आधारवर पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, खोलीचं दार लावा, घरात कुणाला सांगू नका." भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि "तपासणीसाठी" पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायला सांगत नाही. "कुणाला सांगू नका" हे ऐकलं की उठायचं, दार उघडायचं आणि शेजारच्याला हाक मारायची. कॉल चालू असला तरी.

सावधान: "फोन कट करू नका, लाइनवर राहा" असं म्हणणारा माणूस तुम्हाला वहीपर्यंत पोचू द्यायला तयार नाहीय. ठेवा.

## टप्पा ६ : ओटीपी दिला किंवा पैसे गेले, पहिला तास

शक्य असेल तर दोघं मिळून करा, एक जण फोनवर, दुसरा लिहायला. घरातल्या कुणी आत्ता ओरडायचं नाही. "तुला सांगितलं होतं की" हे बोलणं पुढच्या आठवड्यावर ठेवा. आमच्याकडच्या एका काकींनी भीतीने चार दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलगा चिडेल म्हणून, आणि त्या चार दिवसांत रोज थोडे थोडे पैसे जात राहिले. लपवायला लागू नये असं घर ठेवणं हे सगळ्या सेटिंगांपेक्षा जास्त कामाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

१. तो फोन फ्लाइट मोडवर टाका. अ‍ॅप घातलं असेल किंवा स्क्रीन शेअर केली असेल तर हे पहिलं. रीसेट नको, चॅट डिलीट नको, त्याचा नंबर ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट पाहिजे. सिम काढून साध्या बटणाच्या फोनमध्ये टाका आणि तिथे ##००२# दाबा, म्हणजे बँकेचे ओटीपी आणि कॉल तुमच्याकडेच येतील.

२. दुसऱ्या फोनवरून १९३०. बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती रक्कम, किती वाजता, व्यवहाराचा नंबर आणि ज्याने फोन केला त्याचा नंबर हाताशी ठेवा. यूपीआयच्या व्यवहाराचा बारा आकडी नंबर मेसेजमध्ये किंवा अ‍ॅपच्या हिस्ट्रीत असतो. ही तक्रार गेली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेपर्यंत ती पोचते आणि तिथे जेवढे शिल्लक असतील तेवढे धरून ठेवता येतात. म्हणूनच आधी हा फोन, शाखेत नंतर. लाइन लागत नसेल तर लावत राहा आणि दुसऱ्याने त्याच वेळी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर आर्थिक फसवणुकीची तक्रार भरावी. तक्रार क्रमांक वहीत लिहा.

३. लगेच बँकेचा हेल्पलाइन. कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग तिन्ही बंद करायला सांगा, फक्त "कार्ड बंद करा" म्हणून थांबू नका. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. दोन माणसं असतील तर २ आणि ३ एकाच वेळी करा. दुसऱ्या बँकेतलं खातं त्याच फोनवर असेल तर तिलाही सांगा.

४. पासवर्ड, दुसऱ्या फोनवरून. आधी ईमेलचा, कारण बाकीचे बरेच पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. मग नेट बँकिंग, मग व्हॉट्सअ‍ॅप.

५. आता शाखा. लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख-वेळ घ्या. "फोनवर सांगितलंय की" पुरत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, असं ठरवलं गेलं की चूक तुमची नाही, बँकेची पण नाही, तिसरीकडेच गडबड झाली, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमची, त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली पाहिजे.

६. पोलीस ठाणे. १९३० चा तक्रार क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणि तो फोन घेऊन जा. जवळचं ठाणं चालतं, नाहीतर जिल्ह्याचं सायबर ठाणं. "आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हटलं तर शांतपणे सांगा की गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवून घेता येतो, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. धरून ठेवलेली रक्कम परत मिळायला बऱ्याचदा कोर्टाचा आदेश लागतो, त्याचा अर्ज कसा करायचा ते तिथेच विचारून घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ ला फोन लावा. वकील लागत नाही, फी नाही.

सावधान: पैसे गेल्यावर काही दिवसांनी परत एक फोन येतो, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा." तेच लोक किंवा त्यांच्याकडून यादी घेतलेले दुसरे. परत मिळणाऱ्या पैशाला फी लागत नाही. त्या दिवसांत माणूस आशेवर असतो, म्हणून घरच्यांनी हे त्याला आधीच सांगून ठेवायचं.

## टप्पा ७ : परत कधी बघायचं

रोज बघायची गरज नाही. नवीन फोन घेतला, सिम बदललं, नवीन खातं काढलं, किंवा घरात कुणी पहिल्यांदा स्मार्टफोन वापरायला लागलं की टप्पा २ ते ४ परत. बाकी दर महिन्याला पासबुक भरताना *#२१# आणि एसएमएसची परमिशन एवढं बघितलं तरी पुरे.

कॉलेजच्या पोरांना एक वेगळं सांगायचंय. "तुझं खातं दोन दिवस वापरायला दे, कमिशन देतो" म्हणणारा मित्र असो नाहीतर इन्स्टावरचा कुणी, द्यायचं नाही. लुबाडलेले पैसे अशाच खात्यांतून फिरवतात आणि पोलीस सगळ्यात आधी त्या खातेदाराच्या दारात येतात.

आणि जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा असेल तर दुकानात जायच्या आधी घरीच सिम आणि मेमरी कार्ड काढा, यूपीआय अ‍ॅपमधून खातं डीरजिस्टर करा, गुगल अकाउंट काढा, मग फॅक्टरी रीसेट. दुकानदाराला "तुम्हीच करा ओ रीसेट" म्हणून लॉक उघडून फोन हातात देऊ नका. स्क्रीन फुटल्यामुळे रीसेट होत नसेल तर तो फोन विकू नका, घरातच राहू दे.